पात्रांच्या नोंदी ठेवणारं ॲप: बरेच महिने वापरल्यावर, आणि मुख्यतः त्या एका रेषेबद्दल

गेल्या महिन्यातल्या अपडेटनंतर माझ्या कादंबरीतल्या सगळ्या पात्रांचे आपसातले संबंध एकेका शब्दावर आले. भाऊ. शेजारीण. वरिष्ठ. दोन पात्रांना जोडणाऱ्या रेषेवर टीप लिहायची सोय होती, तिथे मी पानपानभर लिहून ठेवलं होतं. त्यातली पहिली ओळ राहिली आणि बाकीचं गेलं. सपोर्टला लिहिलं. काही दिवसांनी उत्तर आलं की रेषेवरच्या टिपेला आता अक्षरमर्यादा आहे, सविस्तर मजकूर त्या त्या पात्राच्या पानावर लिहावा. मी परत कळवलं की हा मजकूर कुठल्याच एका पात्राचा नाही, तो दोघांच्या मधला आहे. त्यावर मला रेषेचा रंग आणि जाडी कशी बदलायची याची लिंक पाठवण्यात आली.

ॲपचं नाव घेत नाही. मी पाहिलेल्या अशा बहुतेक ॲप्समध्ये पात्रांचा विभाग थोड्याफार फरकाने असाच असतो, त्यामुळे तक्रार एका कंपनीपुरती नाही. प्रकरणांची फोल्डरं, टाइमलाइन, फोनवरचं सिंक वगैरे तुम्हाला माहीतच असेल, ते सांगत बसत नाही. लिहायचं आहे ते फक्त पात्रांच्या पानांबद्दल, कारण मी वर्षाचं सबस्क्रिप्शन भरलं ते त्यासाठीच. पैसे आधीच गेले होते, म्हणून प्रत्येक रकाना नीट वापरून बघितला.

पानावर तीन टॅब आहेत: शरीर, समाज, मन. ही विभागणी नाट्यलेखन शिकवणारे लायोश एग्री यांची. त्यांनी 1946 साली ‘द आर्ट ऑफ ड्रॅमॅटिक रायटिंग’मध्ये माणसाची ही तीन अंगं मांडली आणि प्रत्येकाखाली काय काय लिहायचं याचा आराखडाही दिला. आज इंटरनेटवर फिरणारे पात्रांचे बरेच तक्ते त्याच वळणाचे आहेत. उंची, वजन, शिक्षण, आर्थिक स्थिती, महत्त्वाकांक्षा, निराशा, न्यूनगंड. सुरुवातीला मला हे फार आवडलं. संध्याकाळी बसावं, एकेक रकाना भरावा, पान भरत जाताना बघावं. काम होतंय असं वाटतं. पण तोवर पात्राच्या तोंडी एक वाक्यसुद्धा आलेलं नसतं.

प्रत्यक्ष उदाहरण देते. वसुधा ही माझ्या कादंबरीतली पन्नाशीची बाई, एका कार्यालयात हिशेब तपासते. दिनकर तिचा थोरला भाऊ. वडील गेल्यावर त्याने शिक्षण सोडून नोकरी धरली आणि हिचं शिक्षण पुरं होऊ दिलं. वसुधाच्या पानावर मी लिहिलं होतं, स्वभाव: भिडस्त, जबाबदार, मदतीला धावणारी. भीती: कुणी कृतघ्न म्हणेल. सवय: चष्मा पुसत राहणे. मग प्रसंग लिहायला घेतला. दिनकर जामीन मागायला येतो.

“वसू, एक काम होतं तुझ्याकडे.”
“सांग ना दादा, काहीही सांग.”
“कर्जाला जामीन हवाय.”
“एवढंच ना? करते सही.”

चुकीचं यात काही नाही, पानावर जशी वसुधा लिहिली होती तशीच ती बोलली. पण पुढच्या प्रकरणात शेजारणीशीही ती याच आवाजात बोलली, नंतर साहेबांशी, नंतर मुलीशी. सगळीकडे मदतीला धावत होती आणि चष्मा पुसत होती. विशेषणांच्या रकान्याचं हेच होतं. ‘भिडस्त’ म्हणजे कुणासमोर, हे तो विचारतच नाही. माणूस साहेबासमोर भिडस्त असतो आणि घरी गेल्यावर ताट सरकवतो. एकाला तो उधार दिलेलं कधी मागत नाही आणि दुसऱ्याकडे चार लोकांत मागतो. स्वभाव म्हणून आपण ज्याला नाव देतो, तो समोर कोण आहे यावर इतका अवलंबून असतो की समोरच्या माणसाशिवाय लिहिलेली नोंद अर्धीच राहते.

म्हणून मी ती रेष वापरायला लागले. वसुधा आणि दिनकर यांच्यामधल्या रेषेला ॲपने ‘भाऊ-बहीण’ असं नाव दिलेलं होतं. त्याखालच्या टिपेत मी दोन बाजू लिहिल्या. वसुधाकडून: ‘दादासमोर माझ्या पगाराचा आकडा उच्चारायचा नाही. तो काही मागायच्या आत हो म्हणून टाकायचं, म्हणजे त्याला मागावं लागणार नाही.’ दिनकरकडून: ‘हिला माझी कीव येते. मी बोलायला लागलो की वाक्य पुरं होऊ देत नाही.’

कृती एकच आहे. ती घाईने हो म्हणते. तिच्या बाजूने तो त्याचा मान राखणं आहे आणि त्याच्या बाजूने अपमान. दोघंही प्रामाणिक आहेत, दोघांनाही दुसऱ्याचं मन कळलंय अशी खात्री आहे. त्यानंतर तोच प्रसंग असा झाला:

“वसू, ते कर्जाच्या कागदावर…”
“करते सही. ठेव इथे.”
“ऐकून तरी घे कशासाठी ते.”
“कशाला? तू आणलायस ना.”
दिनकरने कागदाची घडी घातली आणि तो परत खिशात ठेवला.
“राहू दे. दुसरा कुणीतरी बघतो.”

चष्मा कुठेच आला नाही. ‘भिडस्त’ हे विशेषण वाचकाला सांगावं लागलं नाही. या चार-पाच ओळी लिहिताना मला पहिल्यांदा वाटलं की ही दोघं माझ्याआधीपासून एकमेकांना ओळखतात.

आता सांगा, हे ‘भाऊ-बहीण’ या एका शब्दात कुठे बसतं? ॲपमधल्या रेषेला दिशा नाही. अ आणि ब यांच्यात एकच रेष आणि तिला एकच नाव. अ ला ब बद्दल काय वाटतं आणि ब ला अ बद्दल काय वाटतं या दोन पूर्ण वेगळ्या नोंदी आहेत, हे तो आराखडा करणाऱ्याच्या मनातच आलेलं नाही. डोळ्यांच्या रंगाला स्वतंत्र रकाना आहे. आवडत्या रंगाला आहे. आणि माणसं एकमेकांकडे कशी बघतात, ज्यावर कथा उभी राहते, त्याला एक शब्द.

या बाबतीत एग्रींवर अन्याय झालाय असं मला मनापासून वाटतं. त्याच पुस्तकात त्यांनी विरोधकांच्या एकत्वाबद्दल लिहिलंय: दोन पात्रं एकमेकांशी अशी बांधलेली हवीत की दोघांपैकी कुणालाच उठून निघून जाता येऊ नये, तडजोडही शक्य असू नये. पात्रांची निवड वाद्यमेळासारखी एकमेकांच्या तुलनेत करावी, हाही त्यांचाच आग्रह. म्हणजे तीन अंगांचा तक्ता देणाऱ्या माणसानेच दोघांच्या मधल्या जागेबद्दलही सांगून ठेवलं होतं. तक्ता सगळ्यांनी उचलला, कारण त्याचे रकाने करता येतात.

फ्रेंच कादंबरीकार मार्सेल प्रूस्तच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ‘प्रूस्त प्रश्नावली’चंही तसंच. ॲपमध्ये ती एका बटणावर मिळते: आवडता रंग, आवडतं फूल, आवडता पक्षी. ही प्रश्नावली प्रूस्तने तयार केलेली नाही. एकोणिसाव्या शतकात ओळखीच्यांकडून अशा वह्या भरून घ्यायचा घरगुती खेळ होता आणि 1880च्या दशकात, किशोरवयात, त्याने आंत्वानेत फोर या मैत्रिणीच्या वहीत उत्तरं लिहिली होती. खेळ होता जित्याजागत्या माणसांसाठी. ज्याला आवडतं फूल खरोखर आहे, त्याला ते विचारण्यात मजा आहे. जे पात्र अजून घडायचंय त्याला विचारलं तर उत्तर मीच ठोकून देणार. वसुधाला मी मोगरा दिला. तो मोगरा कादंबरीत कुठेही आला नाही.

एवढं लिहून ॲपला एक तारा देणार होते. पण दुसऱ्या खर्ड्याच्या वेळी मत बदललं, ते इथे नोंदवायला हवं. मोठ्या कादंबरीत तपशील सांभाळणं हे स्वतंत्र काम असतं आणि त्यात हे ॲप खरंच उत्तम आहे. जन्मवर्ष एकदा भरलं की प्रत्येक प्रकरणात पात्राचं वय आपोआप दिसतं. त्यामुळेच लक्षात आलं की माझ्या हिशेबाने दिनकरने नोकरी धरली तेव्हा तो अवघा बारा वर्षांचा येत होता. हे हाताने कधी सापडलं असतं कोण जाणे, कारण ती दोन वाक्यं दोन टोकांच्या प्रकरणांत होती. कुणाचा कुठला हात मोडला होता, कोण कुणाला अरेतुरे करतं, कोण कधीपासून अहोजाहोवर आलं, हे शोधून लगेच सापडतं. एका बैठकीत लिहून होणाऱ्या कथेला याची गरज नाही. चारशे पानांना आहे.

दुय्यम पात्रांसाठीसुद्धा भरलेलं पान पुरतं. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर यांनी 1927 मध्ये ‘आस्पेक्ट्स ऑफ द नॉव्हेल’मध्ये सपाट (एकाच गुणावर उभी) आणि गोलाकार (अनेक पैलू असलेली) पात्रं असा भेद केला, तो सगळ्यांना ठाऊक असतो. पण सपाट पात्रांची बाजूही त्यांनी घेतली होती, हे मागे पडतं. ती आली की चटकन ओळखू येतात, नंतर लक्षातही राहतात, आणि कादंबरीला दोन्ही प्रकारची माणसं लागतात. माझ्या कादंबरीतला कार्यालयाचा शिपाई एका सवयीवर आणि एका वाक्यावर छान उभा आहे. त्याच्या बालपणातलं दुःख शोधायची मला गरज वाटत नाही.

गोलाकार पात्राची फॉर्स्टर यांची कसोटी अशी की ते आपल्याला पटेल अशा रीतीने चकित करू शकतं का. चकित करणं सोपं आहे, कुणालाही अचानक चोरी करायला लावता येते. अवघड आहे ते पटणं. माझा अनुभव असा की चकित करण्याची सामग्री त्या दोन बाजूंच्या नोंदीत असते. पुढच्या एका प्रकरणात वसुधा दिनकरला पूर्ण बोलू देते, मध्ये तोंड घालत नाही, आणि सगळं ऐकून नाही म्हणते. त्या रात्री दिनकर किती तरी वर्षांनी तिच्याकडे मुक्कामाला राहतो. मी हे आधी ठरवलेलं नव्हतं. पण त्याची तक्रार ‘वाक्य पुरं होऊ देत नाही’ अशी लिहून ठेवलेली होती, म्हणून तिचा नकार त्याला आदर वाटला. ‘मदतीला धावणारी’ या नोंदीतून हा नकार कधीच निघाला नसता, आणि काढला असता तर खोटा वाटला असता.

अपडेटनंतर मी एक जुगाड केलाय. महत्त्वाच्या प्रत्येक जोडीचं वेगळं ‘पात्र’ तयार करते. ‘वसुधा-दिनकर’ असं नाव द्यायचं, तीनही टॅब रिकामे ठेवायचे आणि मोकळ्या टिपणात दोन्ही बाजू लिहायच्या. हा त्याच्यापासून काय लपवतो? त्याच्या मनात आपल्याबद्दल काय आहे असं याला वाटतं? कुठली गोष्ट हा त्याच्याकडे मरेपर्यंत मागणार नाही? दोघांच्या भांडणात मागच्या वेळी कोण जिंकलं? यातला दुसरा प्रश्न मला सगळ्यात जास्त देऊन जातो, कारण त्याचं उत्तर बहुतेक वेळा चुकीचं असतं आणि प्रसंग त्या चुकीतूनच सुरू होतो.

अर्थात सगळ्या जोड्या लिहायच्या नाहीत. दहा पात्रांच्या 45 जोड्या होतात, म्हणजे 90 बाजू, त्यात जीव जाईल. जी दोन माणसं एका खोलीत समोरासमोर येणार आहेत तेवढीच लिहा. या जुगाडाची अडचण अशी की ॲप या जोड्यांना माणूस समजतं, टाइमलाइनवर त्यांचं जन्मवर्ष मागतं आणि पात्रांची यादी नको तितकी लांबते. दुसरं काही करता आलेलं नाही.

पाचपैकी तीन तारे. मोठी कादंबरी लिहीत असाल आणि वयं, तारखा, नाती यांचा गोंधळ होत असेल तर घ्या. पात्र घडवायला मदत होईल म्हणून घेणार असाल तर नका घेऊ, वही पुरेल. मी पुढच्या वर्षाचे पैसे भरणार नाही. दोन दिशांची रेष दिली तर पुन्हा विचार करेन, तसं सपोर्टला तिसऱ्यांदा कळवलंही आहे.

आधीपासून वापरत असाल तर नवं अपडेट घ्यायच्या आधी एक्सपोर्ट करून ठेवा. पात्रांची पानं एक्सपोर्टमध्ये व्यवस्थित येतात. रेषांवरच्या टिपा येत नाहीत, त्या एकेक उघडून कॉपी कराव्या लागतात.