धोक्याचे काम कुणाकडून करून घ्यावे? आपली माणसे, पुरवठादाराची माणसे आणि पूर्ण ठेका: कायद्याच्या नजरेतून तुलना

वर्क ऑर्डरच्या शेवटच्या पानावर बहुधा एक ओळ असतेच: ‘कामगारांच्या सुरक्षिततेची संपूर्ण जबाबदारी कंत्राटदाराची राहील.’ ही ओळ लिहिली की आपण सुटलो, असा समज फार पक्का आहे. ओळ अगदीच निरुपयोगी नाही. भरपाईचे पैसे शेवटी कुणाच्या खिशातून जाणार, हे तिच्यावरून बरेचदा ठरते. पण अपघातानंतर सुरक्षा निरीक्षक दारात आला किंवा फौजदारी खटला उभा राहिला, की तिचा आधार फारच तोकडा पडतो. कारण कराराने दोन पक्षांमधला हिशेब ठरतो, आणि सुरक्षिततेचे कर्तव्य मात्र कायद्याने थेट लादलेले असते. ऑस्ट्रेलियाच्या २०११ च्या आदर्श कायद्यात (राज्यांनी स्वीकारावा म्हणून बनवलेला नमुना) तर हे उघडच लिहिले आहे: हे कर्तव्य दुसऱ्याकडे सोपवता येत नाही, एकाच वेळी अनेकांवर असू शकते, आणि ते कमी करू पाहणारे करारातले कलम रद्दबातल ठरते.

म्हणून टाकीची सफाई, उंचावरचे पत्रे बदलणे, शटडाऊनमधली (कारखाना बंद ठेवून करायची) दुरुस्ती अशी कामे कुणाकडे द्यायची हे ठरवताना दरपत्रकाशेजारी जबाबदारीचाही रकाना हवा. रस्ते तीन आहेत: आपल्याच पगारावरची माणसे, पुरवठादाराकडून माणसे घेऊन आपल्या सुपरवायझरच्या हाताखाली काम, किंवा सगळे काम ठेक्याने.

आपली माणसे

इथे कायद्याचा गुंता जवळपास नाही. प्रशिक्षण, साधने, देखरेख, भरपाई, सगळे मालकाचे. अडचण वेगळी असते. वर्षातून एकदाच निघणाऱ्या कामात आपल्या माणसांचा हात बसलेला नसतो. दोरीवर लटकून चिमणी तपासण्याचे काम देखभाल खात्यातल्या फिटरला सांगितले, तर जबाबदारी स्पष्ट राहते, पण अपघाताची शक्यता वाढते. असे काम नेमके कुणाचे होते यावर कोर्टात वाद होणार नाही, एवढेच काय ते समाधान.

पुरवठादाराची माणसे, आपला हुकूम

सर्वात जास्त वापरला जाणारा आणि माझ्या मते सर्वात फसवा रस्ता हा. हजेरी पुरवठादाराच्या वहीत, पण सकाळी काम वाटून देणारा माणूस आपला. मालकाला वाटते कामगार त्याचे, पुरवठादाराला वाटते साइट त्यांची. प्रशिक्षण या दोघांच्या मधल्या फटीत पडते.

कायद्याने ही फट बरीच आधी ओळखली आहे. भारताच्या १९४८ च्या कारखाने कायद्यात कामगाराची व्याख्या अशी होती, की थेट नेमलेला किंवा कंत्राटदारामार्फत आलेला, मुख्य मालकाला त्याची माहिती असो वा नसो, तो कामगारच. अमेरिकेच्या ओशा या सुरक्षा यंत्रणेने २०१३ पासून तात्पुरत्या कामगारांसाठी खास मोहीम चालवली. तिचे सूत्र असे, की माणसे पुरवणारी एजन्सी आणि काम करून घेणारी कंपनी दोघेही मालक, दोघेही जबाबदार.

भरपाईच्या बाजूला गाजलेला निकाल ब्रिटिश हाउस ऑफ लॉर्ड्सचा (तेव्हाचे तिथले सर्वोच्च न्यायालय), १९४६ सालचा. एका गोदी मंडळाने क्रेन आणि तिचा चालक भाड्याने दिला होता. भाडेकरारात लिहिले होते की त्या काळात चालक भाडेकरू कंपनीचा नोकर समजला जाईल. चालकाच्या चुकीने एक माणूस जखमी झाला. न्यायाधीशांनी कागदापेक्षा एकच गोष्ट पाहिली: क्रेन कशी चालवायची हे सांगण्याचा अधिकार कुणाचा होता? तो गोदी मंडळाकडेच राहिला होता, म्हणून जबाबदारीही त्यांचीच. पुढे २००५ मध्ये तिथल्याच अपील न्यायालयाने आणखी एक पाऊल टाकले. एकाच मदतनिसाच्या चुकीसाठी त्याला पाठवणारा आणि त्याच्यावर देखरेख करणारा, असे दोन्ही मालक जबाबदार असू शकतात, असे ठरवले. त्या प्रकरणात कुणी जखमी नव्हते, फुटलेल्या स्प्रिंकलरच्या पाण्याने कारखाना भिजला होता. पण तत्त्व तेच लागू पडते.

या रस्त्याचा हिशेब असा निघतो: हुकूम आपला असल्यामुळे जबाबदारी जवळपास स्वतःच्या कामगाराइतकीच, आणि त्या माणसाबद्दलची माहिती मात्र फारच कमी. त्याने याआधी बंदिस्त जागेत काम केले आहे का, त्याला उंचीची भीती वाटते का, काल रात्री तो दुसरीकडे पाळी करून आला आहे का, यातले काहीच आपल्याला ठाऊक नसते. साध्या कामाला हे चालून जाते. धोक्याच्या कामाला नाही.

भारतापुरती एक भर. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेने मुख्य स्वरूपाच्या कामात कंत्राटी मजूर लावायला, काही अपवाद वगळता, बंदी घातली आहे. कंत्राटी मजुरीच्या तरतुदी ५० किंवा अधिक कंत्राटी कामगार असलेल्या आस्थापनांना लागू होतात (पूर्वी हा आकडा २० होता). पण ४९ माणसे ठेवली की सुरक्षिततेचे कर्तव्यही संपले, असा अर्थ कुणी काढू नये.

पूर्ण ठेका

खरा निर्णय बहुतेक वेळा इथे अडतो, कारण इथे कायदा सगळीकडे सारखा नाही.

एका टोकाला ब्रिटन. १९९० साली एलस्मियर पोर्टच्या एका रासायनिक कारखान्यात वार्षिक शटडाऊन चालू होता. टाकीच्या आतल्या अस्तराची दुरुस्ती एका छोट्या, तज्ज्ञ कंत्राटदाराकडे होती. त्याचा कामगार उघड्या बादलीतले अ‍ॅसिटोन वापरून आतून पुसत होता. दिव्याचा बल्ब फुटला, वाफ पेटली, माणूस गंभीर भाजला. कंपनीचे म्हणणे होते की काम स्वतंत्र कंत्राटदाराचे, पद्धत त्याची, आम्ही त्याला शिकवणारे कोण? १९९६ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने ते फेटाळले. आपल्या कारखान्यातली दुरुस्ती करून घेणे हा आपल्याच धंद्याचा भाग आहे. मग ती कुणाच्याही हातून होवो, त्यातल्या धोक्याबाबत जे व्यवहारात शक्य होते ते कंपनीने करायला हवे होते. तिथल्या १९७४ च्या कामगार सुरक्षा कायद्याखाली झालेला २५,००० पौंडांचा दंड कायम राहिला.

दुसऱ्या टोकाला कॅलिफोर्निया. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९३ पासून उलट भूमिका घेतली आहे: स्वतंत्र कंत्राटदाराचा कामगार जखमी झाला, तर काम देणाऱ्यावर सहसा नुकसानभरपाईचा दावा चालत नाही. त्या कामगाराला विम्याची भरपाई मिळतेच, आणि सुरक्षिततेचे काम कंत्राटदाराकडे सोपवलेले आहे असे गृहीत धरले जाते. ठेका देऊन मोकळे होण्याच्या कल्पनेला इतका आधार क्वचितच मिळतो. तरीही दोन दारे उघडी राहिली. काम देणाऱ्याने नियंत्रण हातात ठेवले आणि ते वापरताना इजेला हातभार लावला, हे एक. जागेतला लपलेला धोका त्याला माहीत होता किंवा असायला हवा होता आणि त्याने सांगितला नाही, हे दुसरे.

या दुसऱ्या अपवादापाशी सगळे देश पुन्हा एकत्र येतात. कंत्राटदाराला त्याचा धंदा कळतो, आपली जागा कळत नाही. मार्च २००५ मध्ये बीपी या तेल कंपनीच्या अमेरिकेतल्या टेक्सास सिटी तेलशुद्धीकरण कारखान्यातल्या स्फोटात १५ जण मेले. सगळे कंत्राटदारांची माणसे, तात्पुरत्या ट्रेलरमध्ये किंवा त्यांच्या आसपास. जो विभाग त्या दिवशी सुरू होत होता त्याच्याशी त्यांच्या कामाचा संबंधही नव्हता, आणि तो सुरू होतो आहे हे त्यांना कुणी सांगितले नव्हते. त्यांच्या मालकाने कितीही हेल्मेट वाटली असती तरी ट्रेलर कुठे उभा करायचा हे त्याच्या हातात नव्हते.

घातक रसायनांच्या कारखान्यांसाठीचे अमेरिकेचे १९९२ चे नियम म्हणूनच मला वाचण्यासारखे वाटतात. ते कामाची वाटणी करतात. निवडीआधी कंत्राटदाराची सुरक्षिततेची कामगिरी तपासणे, आग, स्फोट आणि विषारी वायूचे धोके सांगणे, आपत्कालीन योजना समजावणे, आत-बाहेर जाण्यावर नियंत्रण ठेवणे ही कामे कारखान्याची. माणसांना शिकवणे, शिकवल्याची नोंद ठेवणे, नियम पाळले जातात हे पाहणे आणि आपल्या कामामुळे नवा धोका तयार होत असेल तर तो कळवणे ही कंत्राटदाराची. कुठल्याही देशातला करार लिहिताना ही वाटणी समोर ठेवता येते.

‘लांब राहा’ हा सल्ला

काही वकील सांगतात, देखरेख केली की नियंत्रण सिद्ध होते, तेव्हा ठेकेदाराच्या कामात नाक खुपसू नका. कॅलिफोर्नियासारख्या ठिकाणी भरपाईच्या दाव्यापुरते यात तथ्य आहे. बाकी ठिकाणी हा सल्ला अंगाशी येतो. ओशाचे १९९९ चे धोरण धोका निर्माण करणारा, त्यात माणसे घालणारा, तो दूर करणे ज्याचे काम होते तो आणि साइटवर सर्वसाधारण नियंत्रण असलेला, अशा चौघांनाही दोषी धरू शकते. नियंत्रण करणाऱ्याकडून अपेक्षा मात्र वाजवी काळजीची, स्वतःच्या कामगारांइतक्या बारीक तपासणीची नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९८१ च्या १५५ क्रमांकाच्या करारातही एका जागी एकाहून जास्त आस्थापना काम करत असतील तर त्यांनी एकमेकांना सहकार्य करावे, असे म्हटले आहे. दोघांपैकी कुणी तोंड फिरवावे, असे नाही.

मग निवड कशी करावी

मी एकच प्रश्न आधी विचारीन: धोका जागेचा आहे की कामाचा? गॅसची लाइन, बंदिस्त टाकीतला उरलेला वायू, चालू यंत्र यांसारखा जागेचा असेल, तर ठेका दिला तरी वर्क परमिट (काम सुरू करण्याची लेखी परवानगी), लाइनचा पुरवठा तोडून कुलूप घालणे आणि गॅस तपासणी आपल्याच हातात ठेवावी. किंवा काम आपल्याच प्रशिक्षित माणसांकडून करावे. परमिटवर सही करणारा माणूस जागेवर जाऊन आलेला हवा. टेबलावरून केलेली सही खटल्यात उलट पुरावा होते. धोका कामाचाच असेल, म्हणजे टॉवर क्रेन उभारणे, पाण्याखालची दुरुस्ती, मचाण, तर तज्ज्ञाला पूर्ण ठेका द्यावा आणि त्याच्या पद्धतीत आपल्या सुपरवायझरने ढवळाढवळ करू नये. धोक्याच्या कामाला फक्त माणसे मागवण्याचा मधला रस्ता मी टाळीन. टाळता आला नाही, तर त्या माणसांना पहिल्या दिवसापासून आपल्या कामगारांसारखेच प्रशिक्षण आणि साधने द्यावीत.

पैशाच्या बाजूला दोन गोष्टी तपासून घ्याव्यात. भारतात १९२३ च्या भरपाई कायद्यापासून चालत आलेला नियम असा, की नेहमीच्या धंद्याचे काम कंत्राटदाराकडे दिले आणि आपल्या ताब्यातल्या जागेत अपघात झाला, तर कामगार थेट आपल्याकडून भरपाई मागू शकतो. ती कंत्राटदाराकडून वसूल करण्याचा हक्क आपल्याला आहे, पण कंत्राटदाराकडे पैसे असतील तरच त्याचा उपयोग. म्हणून त्याच्या विम्याची प्रत काम सुरू होण्याआधी मागावी, आणि उपकंत्राटदाराची माणसे त्या विम्यात धरली आहेत का ते पाहावे. दुसरे, विमा भरपाई देतो, दंड सगळीकडे देतोच असे नाही: ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स राज्याने २०२० मध्ये अशा दंडाचा विमा काढण्यावरच बंदी घातली.