डावीकडे लॅटिन, उजवीकडे इंग्रजी: वर्षभर वापरलेलं मिस्सा-पुस्तक

चर्चच्या क्वायरमध्ये, म्हणजे गायकवृंदात, मी अकरा वर्षं गातेय. मिस्सेतली, म्हणजे कॅथलिक उपासनेतली, ग्लोरिया, सांक्तुस, आन्युस देई ही गीतं लॅटिनमध्ये तोंडपाठ, पण नुसते सूर आणि अक्षरं. कुठला शब्द कुठे संपतो हेसुद्धा धड ठाऊक नव्हतं. त्यासाठी मिस्सेच्या प्रार्थनांचं हे खिशात मावणारं पुस्तक घेतलं. वर्ष झालं, दर रविवारी ते माझ्या हातात असतं.

मांडणी साधी आहे. डाव्या पानावर लॅटिन, उजव्या पानावर २०११चा इंग्रजी अनुवाद, ओळीसमोर ओळ. पण पुस्तकाचा जीव आहे तो खालच्या बारीक टिपांत.

कम्युनियनआधी, म्हणजे पवित्र भाकर घेण्याआधी, आपण म्हणतो, ‘दोमिने, नोन सुम दिन्युस उत इन्त्रेस सुब तेक्तुम मेउम’. तेक्तुम म्हणजे छप्पर. मत्तयच्या शुभवर्तमानात (८:८) आजारी चाकरासाठी आलेला रोमन शताधिपती येशूला म्हणतो, तू माझ्या छपराखाली यावंस एवढी माझी योग्यता नाही. आपल्या तोंडी त्याचेच शब्द आहेत. १९७३च्या इंग्रजी मिस्सेत हे छप्परच गळलं होतं, नुसतं ‘तुझा स्वीकार करायला मी पात्र नाही’ एवढं उरलं होतं. २०११मध्ये ते परत आलं. ही टीप वाचल्यापासून ते वाक्य मला घाईने म्हणताच येत नाही.

‘आन्युस देई, क्वी तोल्लिस पेक्काता मुन्दी’ (देवाच्या कोकरा, जगाची पापं दूर करणाऱ्या) यामधल्या ‘तोल्लिस’चंही तसंच. मूळ क्रियापदात उचलून घेणं आणि दूर नेणं हे दोन्ही अर्थ आहेत. इंग्रजीत दूर नेणं तेवढं आलं. जगाचं पाप आधी अंगावर घेणारं कोकरू मला भेटलं ते डाव्या पानावर.

कीरिए एलेइसोन (प्रभो, दया कर) मुळात ग्रीक, आमेन आणि हालेलुया हिब्रू, हे त्या त्या जागी सांगितलंय. शेवटच्या ‘इते, मिस्सा एस्त’ची टीप वाचून तर मी थबकले. आपण रोज मराठीत ‘मिस्सा’ म्हणतो तो शब्द या निरोपाच्या वाक्यातला!

प्रस्तावनेत एक गोष्ट छापली आहे, ती मला फार महत्त्वाची वाटते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे १९६०च्या दशकातल्या कॅथलिक बिशपांच्या महासभेने, लॅटिन हद्दपार केली असं कितीतरी जण समजतात. परिषदेच्या ४ डिसेंबर १९६३च्या उपासनाविषयक दस्तऐवजाने लोकभाषांना वाट दिली हे खरंच, पण त्याच्याच ५४व्या परिच्छेदात भाविकांना आपल्या वाट्याचे भाग लॅटिनमध्येही एकत्र म्हणता-गाता यावेत असं म्हटलंय. मला मातृभाषेतली मिस्सा जिवाभावाची आहे, पापनिवेदन मी दुसऱ्या भाषेत करूच शकणार नाही. तरी दूरदेशीच्या अनोळखी माणसाबरोबर एकच सांक्तुस गाता यावं, एवढी लॅटिन आपल्याकडे हवीच.

आता तक्रारी. उच्चारांचा तक्ता चक्क चुकला आहे. त्यात प्राचीन रोमन उच्चार दिलेत, त्यामुळे ‘पाचेम’चं (शांती) ‘पाकेम’ होतं. चर्चमध्ये ‘ए’ आणि ‘इ’च्या आधीचा ‘क’ इटालियन वळणाने ‘च’ होतो. आमच्या एका नव्या मुलीने तक्ता बघून ‘दोना नोबिस पाकेम’ पाठ केलं आणि सरावाला बिचारी एकटीच वेगळं गात राहिली. ते मोडायला दोन आठवडे गेले.

दुसरी तक्रार त्याहून जिव्हारी लागणारी. क्रेदोमध्ये, म्हणजे श्रद्धेच्या घोषणेत, ‘एत इन्कार्नातुस एस्त’ला (आणि त्याने देह धारण केला) सगळे नतमस्तक होतात, ख्रिस्तजन्माच्या सणाला तर गुडघे टेकतात. नेमकं तिथेच पान संपतं. मान लवायच्या क्षणी हात पान उलटत असतो. छापण्याआधी कोणी हे पुस्तक हातात धरून एकदा मिस्सेला उभं राहिलं असतं, तर हे तेव्हाच कळलं असतं.

बांधणी मजबूत आहे, कागद पातळ असूनही मागची शाई दिसत नाही. क्वायरमधल्यांनी जरूर घ्यावं, फक्त उच्चार जाणत्या माणसाकडून शिकावेत. पुढच्या आवृत्तीत क्रेदोचं पान सुधारलं, तर आमच्या सगळ्या क्वायरसाठी मीच प्रती मागवीन.