जमिनीखालून केबल टाकून घेताय? माझे ६४,३६० रुपये कसे गेले ते आधी वाचा

६४,३६० रुपये मोजले आणि अंगणात पुरून काय घेतलं, तर बोअरच्या पंपाला लावतात ती चपटी वायर, मध्येमध्ये जॉइंट, जॉइंटवर काळी टेप आणि टेपवर सुतळीने बांधलेली दुधाची रिकामी पिशवी. लिहितानासुद्धा डोकं तापतंय, आणि चारचौघांत सांगायची लाज वाटते ती वेगळीच. पण हे काम करून देणारा इलेक्ट्रिशियन अजून कामं घेतोय म्हणून सांगते.

आमचं घर बोरिवलीत, गावठाणात. घरामागे अंगण आणि अंगणापलीकडे जुनी शेड, तिथे मी फराळाच्या आणि मसाल्याच्या ऑर्डरी करते. ओव्हन, एक एचपीचा ग्राइंडर, फ्रीज असं सगळं तिथेच. इतकी वर्षं स्वयंपाकघराच्या खिडकीतून जांभळाच्या फांदीवरून वायर नेलेली होती, दर पावसाळ्यात फांदी हलली की जीव टांगणीला. म्हणून ठरवलं की एकदाच काय ते नीट करू, जमिनीखालून आर्मर्ड, म्हणजे लोखंडी कवचाची, केबल टाकू.

स्वस्त बघून फसलात असं कृपया कोणी म्हणू नका. दुसरा एक जण ५८,००० मध्ये करतो म्हणत होता, पण त्याने नुसता आकडा सांगितला, तोही तोंडी. मी ज्याला काम दिलं त्याने लेटरहेडवर सगळं लिहून दिलं, वर लायसन्स नंबर छापलेला. तीन कोअर (आत तीन तारा) सहा स्क्वेअर एमएम जाडीची कॉपर आर्मर्ड केबल २८ मीटर, ५२० ने १४,५६०. अडीच फूट खोदाई, खाली-वर वाळू, वर विटा आणि वॉर्निंग टेप, मीटरला ४५० म्हणजे १२,६००. डीबी (स्विचांचा डबा) आणि आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) ८,२००. अर्थिंगचे दोन खड्डे १३,०००. ग्लँड आणि लग (केबलची टोकं घट्ट जोडायचे सुटे भाग), मजुरी ११,५००. टेस्टिंग आणि सर्टिफिकेट ४,५००. आता सांगा, ह्यात संशय घेण्यासारखं काय होतं? अडीच फूट पण बरोबरच, लो व्होल्टेज केबल ७५० एमएम खोल टाकायची असं आयएस १२५५ ह्या केबल टाकण्याच्या भारतीय मानकात आहे, मी आधी वाचलं होतं. ३०,००० जीपेने अ‍ॅडव्हान्स, २०,००० कॅश, काम झाल्यावर १४,३६० परत जीपेने. कॅश देऊ नका. त्या वीस हजारांचा आज माझ्याकडे काहीही पुरावा नाही.

आता तो दिवस. सकाळी घराच्या टोकाला आणि शेडच्या टोकाला चर खणला, टेप लावून दाखवला, पक्का अडीच फूट. "ताई, फोटो काढून ठेवा," हे तोच म्हणाला. मी काढले. मग त्याचा पोरगा केबल घेऊन आला, एका खांद्यावर वेटोळं आणि दुसऱ्या हातात चहाची पिशवी. अहो, २८ मीटर आर्मर्ड केबल म्हणजे आत लोखंडी पट्ट्या असतात, ती ताठ असते, जड असते, तिचं असं मऊ वेटोळं खांद्यावर बसतच नाही. हे मला आज कळतंय. तेव्हा मी चकलीची भाजणी भाजत होते आणि बाहेर काय डोलीवरून आलं की खांद्यावरून हे कोण बघतं?

पण खरा प्रकार दुपारी झाला. म्हणाला विटा कमी पडतायत, दुकान बंद व्हायच्या आत दादांना पाठवा. नवरा गेला रिक्षा करून. विटा घेऊन येतो तर चर बुजवलेला, वरून माती धोपटलेली, वर पाणीसुद्धा मारलेलं. "होत्या त्यात भागवलं," म्हणाला. त्या विटा अजून भिंतीला लावून ठेवल्यात, येता-जाता दिसतात आणि प्रत्येक वेळी चीड येते. विटा नसताना विटांचा थर झाला कसा, हे त्याच क्षणी विचारायला हवं होतं. पण नवरा घामाघूम, मी पिठाच्या हातांनी दारात, समोरचा माणूस सकाळपासून टेप लावून लावून दाखवतोय, अशा वेळी कोण म्हणणार की परत उकरून दाखव? कोणीच नाही म्हणणार, आणि तो त्याच्यावरच पोट भरतो.

मग टेस्टिंग. मीटरजवळच्या आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबलं, खटकन पडला. "बघा ताई, तुमची पोरंबाळं सेफ." हे नीट लक्षात ठेवा, ते बटण दाबल्यावर फक्त त्या डब्याची आतली यंत्रणा चालते एवढंच कळतं. अर्थिंग अजिबात नसलं तरी ते बटण काम करतं. केबलला मेगर (वायरच्या आवरणातून करंट गळतो का ते मोजायचं यंत्र) लावून घ्या, तुमच्या डोळ्यांदेखत, आणि आकडा स्वतः वाचा. माझ्या सर्टिफिकेटवर सगळीकडे "ओके" टाइप केलेलं होतं, एकही आकडा नाही.

पाऊस सुरू झाला आणि आरसीसीबी रोज पडायला लागला. फोन केला तर पोरगा पाठवला, तो म्हणाला पावसात असंच होतं, हा नाजूक असतो, आणि त्याने आरसीसीबी बायपास करून लाइन सरळ जोडून दिली. ह्याचे ६०० घेतले. जो डबा आम्हाला ओरडून सांगत होता की जमिनीत करंट जातोय, त्याचंच तोंड बंद केलं. तुमच्याकडे कोणी असं करायला लागला तर त्याला तिथल्या तिथे घराबाहेर काढा.

नंतर एका सकाळी मदतीला येणाऱ्या मावशींनी ओल्या फरशीवर उभं राहून ओव्हनच्या दाराला हात लावला आणि किंचाळून मागे पडल्या. सुदैवाने मागे पडल्या. हात चिकटला असता तर मी त्यांच्या मुलांना काय तोंड दाखवलं असतं? ६४,३६० गेले ते गेले, पण ह्या गोष्टीसाठी मी त्या माणसाला कधीच माफ करणार नाही.

शेजारच्या काकूंचा भाचा वायरमन आहे, त्याने येऊन ओव्हनच्या बॉडीला मीटर लावला तर १४० व्होल्ट. मेगर लावला तर जवळपास शून्य, म्हणजे करंट सरळ गळतोय. मग उकरलं. दोन्ही टोकांना हातभर आर्मर्ड केबल, ग्लँड लावून डीबीत घेतलेली, अगदी बघण्यासारखी. त्याच्या पुढे, जमिनीत एक वीत खोल, अडीच स्क्वेअरची चपटी वायर. पिशवीतल्या जॉइंटमध्ये पाणी, पाण्यातून फेजचा करंट अर्थच्या कोअरवर, आणि अर्थिंगच्या खड्ड्यात झाकण-बिकण व्यवस्थित पण खाली फूटभर पाइपचा तुकडा, त्याला वायरच जोडलेली नाही. मग करंट जाणार कुठे, शेडमधल्या प्रत्येक मशीनच्या बॉडीवर आला.

आणि एक गोष्ट भाच्याने दाखवली ती सगळ्यांनी पाठ करा. चांगल्या केबलच्या अंगावर कंपनीचं नाव, साइज आणि वर्ष छापलेलं असतं आणि बहुतेकदा मीटरचे आकडेही ओळीने असतात. एका टोकाला १४२ असेल तर २८ मीटरवर दुसऱ्या टोकाला १७० किंवा ११४ यायला पाहिजे. माझ्या घराच्या टोकाला वर्ष २०१९, शेडच्या टोकाला २०२२. दोन वेगळ्या भंगारातले तुकडे! पैसे द्यायच्या आधी दोन मिनिटं बॅटरी मारून वाचलं असतं तर तिथेच पकडला असता, पण हे आम्हाला कोणी सांगितलं होतं का कधी?

आता सरकारी कचेऱ्यांचं ऐका. वीज कंपनीत गेले तर मीटरच्या पुढे आमची जबाबदारी नाही. ठीक आहे, नियमच तसा आहे, पण निदान येऊन बघा तरी? नाही. पोलीस स्टेशनला गेले, त्यांनी फोटो नीट बघितलेसुद्धा नाहीत, "मॅडम, काम तर करून दिलंय ना, हे दिवाणी मॅटर आहे." मी म्हटलं मध्ये तुकडा घालून टोकं खरी दाखवणं ही ठरवून केलेली फसवणूक आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ आहे त्याला, तर मला म्हणतात तुम्ही वकील आहात का. शेवटी नुसता अर्ज घेतला आणि शिक्का मारून कॉपी दिली, तीही मी हटून बसले म्हणून. शिक्क्याशिवाय कुठूनही उठू नका. जिथे लायसन्सची तक्रार करायची त्या ऑफिसात तर कहर झाला. पहिला प्रश्न, "अपघातात कोणी गेलंय का?" नाही म्हटल्यावर टेबलावरच्या बाईंचा चेहराच उतरला, म्हणजे फाइल उघडायचं कारणच संपलं. लायसन्स नंबर खरा आहे का एवढंच सांगा म्हटलं तर लेखी द्या, लेखी दिलं तर साहेब साइटवर आहेत, साहेब आले तर हे टेबल माझं नाही. अजून उत्तर नाही. माणूस मेल्यावरच हे लोक जागे होणार असतील तर लायसन्स कशाला देता आणि फी कशाला घेता?

म्हणून नंबर छापलाय एवढ्यावर जाऊ नका, मूळ लायसन्स मागा, त्यावरचं नाव आणि समोरच्या माणसाचं आधारवरचं नाव जुळतंय का बघा. शेवटचे पैसे चर उघडा असताना कधीच देऊ नका आणि चर बुजवताना घरातलं एक माणूस तिथून हलू देऊ नका, विटा संपू देत नाहीतर सिमेंट. फोटो टोकांचे नाही, मधल्या भागाचे काढा, टेप आत धरून.

भाच्याच्या ओळखीच्या लायसन्सवाल्या माणसाकडून सगळं नव्याने करून घेतलं, ४७,९०० लागले, आरसीसीबी परत बसवला आणि ह्यावेळी मी स्टूल टाकून चराच्या काठावर बसले होते. ग्राहक आयोगात केस टाकतेय, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही आणि दोन वर्षांची मुदत असते, त्यामुळे वेळ गेली असं समजून गप्प बसू नका. उकरलेली वायर, पिशव्या, पाइपचा तुकडा सगळं गोणीत भरून ठेवलंय, भंगारवाल्याला द्यायचं नाही असं घरात बजावलंय. बोरिवली, दहिसर, गोराईकडे कोणी अंगणातून किंवा सोसायटीच्या पंपरूमपर्यंत अशी केबल टाकून घेतली असेल तर आजच दोन्ही टोकांचं वर्ष आणि आकडे वाचा, आणि जुळले नाहीत तर लाइन बंद करूनच पुढचं बघा.