पुढच्या डिफची घरघर: तेल, बेअरिंग, जुनं युनिट की नवं?

पोर्शे ९११ ची ९९६ पिढीतली करेरा ४, ४एस किंवा टर्बो, म्हणजे चारही चाकांना ताकद देणारी गाडी, तुमच्याकडे असेल आणि ताशी पन्नास-साठच्या पुढे पायांखालून घरघर येऊ लागली असेल, तर गॅरेजमध्ये बहुधा एकच वाक्य ऐकायला मिळतं: "पुढचं डिफ गेलं." डिफ म्हणजे डिफरन्शियल, डाव्या-उजव्या चाकांना ताकद वाटून देणारी दातेरी चाकांची पेटी. मग चार पर्याय समोर येतात. तेल बदलून थांबायचं, डिफ उघडून बेअरिंग बदलायची, मोडीत निघालेल्या गाडीतलं युनिट बसवायचं, किंवा कंपनीचं नवं कोरं घ्यायचं. माझ्या २००३ च्या ४एससाठी मी शेवटी दुसरा पर्याय घेतला आणि त्याबद्दल समाधानी आहे. पण त्याआधी एका वर्कशॉपने आवाज व्हील बेअरिंगचा आहे असं सांगून पुढची दोन्ही बेअरिंग बदलली, आणि गाडी घेऊन घरी येताना तीच घरघर सोबत होती. म्हणून इथे निदानावर जास्त लिहितो आहे. ते चुकलं तर चारांपैकी कुठलाही पर्याय निवडा, पैसे वायाच जातात.

आवाज नक्की कुणाचा

आधी या गाडीची रचना. इंजिन आणि गिअरबॉक्स मागे. तिथून निघालेला प्रोपेलर शाफ्ट मधल्या बोगद्यातून पुढे येतो. आधीच्या ९९३ पिढीत व्हिस्कस कपलिंग (घट्ट द्रवातून ताकद पुढे देणारा जोड) मागे गिअरबॉक्सजवळ होतं. १९९८ साली ९९६ ची करेरा ४ आली तेव्हा ते पुढच्या डिफजवळ आणलं गेलं. शाफ्ट कपलिंगला फिरवतो, कपलिंग पिनियनला (डिफमधल्या लहान दातेरी चाकाला), पिनियन क्राऊनला (त्याला जुळणाऱ्या मोठ्या दातेरी चाकाला). पुढच्या चाकांकडे परिस्थितीनुसार ५ ते ४० टक्के ताकद जाते. म्हणजे एरवी पुढच्या क्राऊन-पिनियनवर फारसा भार नसतो, पण फिरणं मात्र चोवीस तास सुरू. त्यामुळे दात शाबूत आणि बेअरिंग खराब, असं चित्र इथे अगदी शक्य आहे, आणि पूर्ण युनिट बदलण्याआधी थांबून विचार करण्याचं कारणही हेच.

पहिली चाचणी फुकट आहे. मोकळ्या सरळ रस्त्यावर ज्या वेगाला आवाज जास्त येतो तो वेग गाठा. एकदा वरच्या गिअरमध्ये आणि एकदा खालच्या गिअरमध्ये तोच वेग ठेवून ऐका. इंजिनाचे फेरे बदलूनही आवाज तसाच राहिला तर इंजिन आणि क्लच सुटले. मग त्याच वेगाला पाय दाबून, पाय सोडून आणि न्यूट्रलमध्ये, असं तीनदा ऐका. पाय सोडल्यावर आवाज वाढतो किंवा घटतो, तर डिफवर संशय पक्का होतो. पिनियनच्या दोन टेपर (निमुळत्या रोलरच्या) बेअरिंगांवरचा रेटा ओढताना एकीकडे असतो आणि सोडताना दुसरीकडे, म्हणून दोघांतलं एक खराब असलं की भार बदलताच सूर बदलतो. तिन्ही वेळा आवाज तसूभरही बदलला नाही तर टायर आणि व्हील बेअरिंग आधी तपासा.

व्हील बेअरिंग वळणावर बोलतं. लांब, सौम्य डाव्या वळणावर वजन उजवीकडे जातं. तिथे आवाज वाढला तर उजवं बेअरिंग. टायरचा आवाज रस्त्याबरोबर बदलतो. सिमेंटच्या रस्त्यावरून गुळगुळीत डांबरावर आल्यावर गाडी एकदम शांत झाली तर डिफला हात लावू नका.

कान तयार करायला एक हिशेब उपयोगी पडतो. पुढच्या टायरचा घेर साधारण २ मीटर. ताशी ६० किलोमीटरला चाक सेकंदाला ८ च्या थोडे वर फेरे घेतं. पिनियन त्याच्या साडेतीन पटीच्या आसपास, म्हणजे सेकंदाला २८-२९ फेरे. त्यामुळे व्हील बेअरिंगची घरघर जाड आणि खालच्या पट्टीतली लागते, पिनियन बेअरिंगची बारीक आणि वरची. आणि दात खराब झालेले असतील तर ती घरघर नसतेच, ती सरळ एका सुरातली शीळ असते. घरघर की शीळ, हा फरक मेकॅनिकला न विसरता सांगा. पुढचा निम्मा निर्णय त्यावर आहे.

आता एका समजुतीबद्दल, कारण तिने बरेच जण फसतात. "प्रोपेलर शाफ्ट काढून चालवून बघा, आवाज गेला तर डिफ खराब" असा सल्ला सर्रास दिला जातो. शाफ्ट काढला तरी पुढची चाकं अॅक्सल शाफ्टमधून क्राऊन आणि पिनियनला फिरवतच राहतात. फक्त भार जातो. म्हणून शाफ्ट काढल्यावर आवाज पूर्ण थांबला तर उलट शाफ्ट, त्याचे सांधे किंवा कपलिंगकडे आधी बघायला हवं. आवाज कमी झाला पण उरला, तर डिफची बेअरिंग. जसाच्या तसा राहिला, तर पुन्हा व्हील बेअरिंग आणि टायर. चाचणी चांगली आहे, पण तिचं उत्तर नीट वाचायला हवं.

शेवटची खात्री लिफ्टवर करायची. चारही चाकं हवेत, एक जण आत बसून गाडी हळू चालवतो आणि दुसरा फिरत्या भागांपासून दूर राहून लांब दांड्याचा स्टेथोस्कोप आधी डिफच्या घरावर (बाहेरच्या कवचावर), मग दोन्ही हबवर (चाक बसतं त्या भागांवर) लावतो. एकच अॅक्सल उचलून गाडी गिअरमध्ये घालणारा मेकॅनिक दिसला तर तिथेच थांबवा. ऑल-व्हील-ड्राइव्हमध्ये कपलिंग काही क्षणांत तापतं आणि गाडी लिफ्टवरून उडीही मारू शकते.

तेल: स्वस्त, आणि निदानाचा भागच

पुढच्या डिफमध्ये सुमारे दीड लिटर तेल असतं, जीएल-५ दर्जाचं ७५डब्ल्यू-९०. ते काढण्याआधी भरायचा प्लग उघडतो का ते बघा. तो गंजून बसला असेल आणि तुम्ही तेल आधीच सोडलं असेल, तर गाडी तिथेच अडकते. निघालेलं तेल पांढऱ्या भांड्यात घ्या आणि त्यात चुंबक फिरवा. चुंबकावर करड्या रंगाचा मऊ लेप आला तर ते नेहमीच्या झिजेचं लक्षण. बोटाला टोचणारे कण किंवा चमकते पापुद्रे आले तर बेअरिंगचे पृष्ठभाग सुटायला लागले आहेत. तेल दुधाळ असेल तर पाणी शिरलंय. मुंबईच्या पावसात साचलेल्या पाण्यातून नेलेल्या गाडीत हे आधी बघायला हवं: तापलेलं डिफ पाण्यात एकदम थंड झालं की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून (हवा ये-जा करायच्या नळीतून) किंवा थकलेल्या सीलमधून पाणी ओढून घेते.

आवाज हलका आहे, वर्षभरात वाढलेला नाही आणि चुंबकावर फक्त लेप आहे, तर नवं तेल घालून खुशाल चालवा. दर सहा महिन्यांनी त्याच रस्त्यावर, त्याच वेगाला फोनवर आवाज टिपून ठेवा. मात्र जाड तेल किंवा आवाज दाबणारी बाटलीबंद द्रव्यं घालू नका. त्यांनी बेअरिंग बरं होत नाही, तुम्हाला मिळणारी सूचना तेवढी बंद होते.

उरलेले तीन

एक गोष्ट आधी लक्षात घ्या. डिफ खाली उतरवून परत चढवण्याची मजुरी या तिन्ही पर्यायांत जवळपास सारखीच आहे. म्हणून स्वस्तात मिळालेलं जुनं युनिट सहा महिन्यांत घरघरू लागलं तर ते स्वस्त राहत नाही, मजुरी दोनदा जाते.

बेअरिंग बदलण्याच्या पर्यायात माल स्वस्त असतो आणि माणूस महाग. बेअरिंगवर छापलेल्या क्रमांकावरून ती बहुतेक वेळा बाजारात मिळतात. क्राऊन आणि पिनियन ही जोडी कारखान्यात एकमेकांवर घासून जुळवलेली असते. ती तशीच ठेवून बेअरिंग बदलायची हेच या कामाचं मर्म. पण नवं बेअरिंग दाबून बसवलं आणि घर बंद केलं, एवढ्याने भागत नाही. पिनियनचा प्रीलोड (बेअरिंगवर आधीच दिलेला दाब) फिरवण्याच्या जोरावरून मोजावा लागतो, बॅकलॅश (दोन दातांमधली मोकळीक) डायल गेजवर बघावा लागतो, दातांना रंग लावून ठसा कुठे उमटतो ते तपासावं लागतं आणि गरजेप्रमाणे शिम (अंतर जुळवणाऱ्या पातळ चकत्या) बदलाव्या लागतात. ठसा दाताच्या टोकाला किंवा मुळाशी गेला तर घरघर जाईल आणि तिच्या जागी शीळ येईल. माझी गाडी ज्याच्याकडे दिली त्याला मी एवढंच विचारलं होतं, की उघडण्याआधीचा बॅकलॅश लिहून ठेवणार का. त्याने आपली जुनी वही दाखवली, प्रत्येक डिफचे आधीचे आणि नंतरचे आकडे त्यात होते. जो माणूस आकडे लिहितो त्याच्याकडेच हे काम द्या. तसा कुणी जवळ नसेल तर युनिट खोक्यात भरून दुसऱ्या शहरात पाठवणं परवडतं.

जुनं युनिट मी तीन अटींवर घेईन. त्यातलं तेल माझ्यासमोर काढलं जावं. पार्ट क्रमांक माझ्या युनिटशी तंतोतंत जुळावा, कारण मॅन्युअल आणि टिपट्रॉनिक (ऑटोमॅटिक) गाड्यांचा दातांचा हिशेब सारखाच असेल असं गृहीत धरता येत नाही. तो चुकला तर पुढचे-मागचे फेरे कधीच जुळणार नाहीत आणि कपलिंग जळेल. आणि ज्या गाडीतून ते निघालं तिचे चारही टायर बघायला मिळावेत. तिसरी अट विचित्र वाटेल, तिचं कारण खाली आहे. या अटी पूर्ण होत नसतील तर या पर्यायाच्या वाटेला जाऊ नका.

नवं युनिट कधी घ्यावं? दातांवर खड्डे पडलेत, किंवा घराची बेअरिंग बसायची जागा झिजून ढिली झाली आहे, किंवा कपलिंगही गेलंय. कपलिंग तपासणं सोपं आहे: लांबवर गाडी चालवून आल्यावर मोकळ्या मैदानात स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू गोल फिरा. पुढची चाकं अडखळत, ओढल्यासारखी चालली तर कपलिंग जाम झालंय. दात आणि कपलिंग दोन्ही गेलेली असतील तर नवं युनिटच घ्यावं लागतं, तिथे मन मोठं करा. फक्त बेअरिंग गेलेलं असताना नवं युनिट बसवणं मात्र मला चांगल्या जोडीचा अपमान वाटतो.

टायरचा हिशेब

४एसला पुढे २२५/४० आर१८ आणि मागे २९५/३० आर१८ टायर येतात. छापील मापावरून पुढच्याचा व्यास ६३७ मिलिमीटर, मागच्याचा ६३४. आता पुढचे नवे घातले आणि मागचे ४ मिलिमीटर झिजलेले ठेवले, तर मागचा व्यास ६२६ वर येतो. फरक ११ मिलिमीटर, म्हणजे १.७ टक्क्यांच्या आसपास. सरळ रस्त्यावरही प्रोपेलर शाफ्ट पिनियनपेक्षा सतत पुढे धावतो, कपलिंग सतत घसरतं आणि तापतं, आणि पुढच्या डिफला एरवी नसणारा भार कायमचा मिळतो. मागचे टायर लवकर झिजतात, मग अर्धे पैसे वाचवण्यासाठी दोन कुठले, दोन कुठले असे घातले जातात. मोडीतल्या गाडीचे टायर बघायचे ते यासाठीच.

माझ्या गाडीला डिफ परत चढवलं त्याच दिवशी चारही टायर एकाच कंपनीचे, एकाच नक्षीचे घातले. हजार किलोमीटरनंतर तेल पुन्हा काढून चुंबक फिरवला. मऊ करडा लेप होता, बोटाला काही टोचलं नाही.