रजा गणपतीला की दिवाळीला?

नोकरी मुंबईत, घर कणकवलीला, रजा मोजकी. भाच्यासमोर हाच पेच आहे.

सुट्टीचा हिशेब दिवाळीच्या बाजूने. लक्ष्मीपूजन आणि बलिप्रतिपदा दोन्ही सरकारी यादीत. (खासगी कंपनीची यादी वेगळी असू शकते, ती आधी बघावी.) गणेश चतुर्थीला महाराष्ट्रात एकच दिवस, गोव्यात मात्र दोन! गौरी-विसर्जनापर्यंत थांबायचं तर बाकीची रजा पदरची.

प्रवासात गणपती हैराण करतो. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं आणि चहा निवेपर्यंत वेटिंग लागतं. जादा एसटी असतात, टोलमाफीचा पासही मिळतो. महामार्गावरची रांग कुठे चुकते? दिवाळीत त्यामानाने सुटसुटीत.

घरात गणपती बसत असेल, आरतीला माणसं हवी असतील, तर रजा तिथेच घालावी. आईवडिलांजवळ नुसतं निवांत राहायचंय, त्याने दिवाळी धरावी.