आक्षेपार्ह गाणी बंद करणारी कळ, आणि न विचारता लागणारी कात्री

संगीताच्या बहुतेक स्ट्रीमिंग सेवांच्या सेटिंगमध्ये एक लहानशी कळ असते. ती बंद केली की ज्या गाण्यांच्या नावाजवळ ‘ई’ या इंग्रजी अक्षराचा (म्हणजे ‘एक्स्प्लिसिट’, आक्षेपार्ह) चौकोन दिसतो, ती गाणी त्या खात्यावर वाजेनाशी होतात. हे परीक्षण मुख्यतः त्या कळीचे आहे. जोडीला व्हिडिओ गेममधल्या गाण्यांना लागणाऱ्या कात्रीचाही समाचार घेतला आहे, कारण दोन्हींचा हेतू एकच असला तरी ग्राहकाला वागवण्याची त्यांची रीत अगदी निराळी आहे. ज्या सेवेवर आणि ज्या गेमवर मी हे अनुभवले, त्यांची नावे मुद्दाम देत नाही. थोड्याफार फरकाने सगळीकडे हेच चित्र दिसते.

प्रथम कळीविषयी. ती बंद केल्यावर आक्षेपार्ह ठरवलेली गाणी यादीतून नाहीशी होत नाहीत, तर फिकट राखाडी रंगात दिसत राहतात. त्यांवर बोट ठेवले तरी वाजत नाहीत आणि प्लेलिस्ट चालू असेल तर सेवा त्यांना ओलांडून पुढच्या गाण्यावर जाते. कुटुंबासाठीच्या योजनेत मुलांच्या खात्यावर ही कळ पालकांना आपल्या खात्यातून बंद करून ठेवता येते, आणि मोठ्यांच्या खात्यावर तिचा काहीही परिणाम होत नाही. हा भाग उत्तम साधला आहे, कारण येथे मूळ गाण्याला कोणी हात लावलेला नाही. गाणे जसे रचले आणि गायले गेले तसेच शाबूत आहे. ते ऐकायचे की नाही, एवढाच निर्णय घरातल्या माणसाकडे सोपवला आहे, आणि तो केव्हाही फिरवता येतो.

उणीव जाणवते ती त्या चौकोनाच्या मुकेपणाची. गाण्यात काहीतरी आहे एवढे तो सांगतो. काय आहे, ते सांगत नाही. रागाच्या भरात एकदाच आलेली शिवी, शरीरसंबंधाचे उघड वर्णन, अमली पदार्थांचे कौतुक आणि एखाद्या समाजाविषयीचा तिरस्कार या सगळ्यांना तेच एक अक्षर. शिवाय ही खूण सहसा सेवा स्वतः लावत नाही. गाणे पुरवणारी रेकॉर्ड कंपनी किंवा वितरक ती लावून देतो. त्यामुळे एकाच गाण्याच्या स्टुडिओतल्या ध्वनिमुद्रणावर खूण असते आणि मैफलीतल्या ध्वनिमुद्रणावर, तेच शब्द असूनही, ती नसते. इंग्रजीखेरीज इतर भाषांतल्या गाण्यांच्या बाबतीत तर हा कारभार आणखी सैल आहे. शब्द पाहून अर्थ ठरवण्याच्या या पद्धतीत एखाद्या बाईचा पाठलाग करून तिला धमकावणारे, पण एकही शिवी नसलेले गाणे मुलांच्या खात्यावर बिनदिक्कत वाजते, आणि पोलिसी अत्याचाराविरुद्ध संतापाने लिहिलेले गाणे एका शब्दापायी राखाडी होते. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते असे.

याबाबतीत गेमचे क्षेत्र पुढे आहे, हे मान्य केले पाहिजे. अमेरिकेत १९९४ साली स्थापन झालेल्या ‘ईएसआरबी’ या मंडळाच्या वर्गीकरणात वयोगटाबरोबर आशयाचे वर्णनही असते, आणि त्यात गाण्यांच्या शब्दांसाठी ‘लिरिक्स’ व ‘स्ट्राँग लिरिक्स’ अशा स्वतंत्र नोंदी आहेत. म्हणजे गेममधला हिंसाचार वेगळा आणि त्यात वाजणाऱ्या गाण्यांची भाषा वेगळी, असा विवेक तेथे निदान कागदावर केलेला आहे. स्ट्रीमिंग सेवांना एवढे करणे मुळीच अवघड नाही.

ही खूण आली कोठून, तेही येथे सांगितले पाहिजे, कारण तिच्यातले दोष जन्मजात आहेत. १९८५ साली अमेरिकेत राजकारण्यांच्या पत्नींनी पुढाकार घेऊन ‘पेरेंट्स म्युझिक रिसोर्स सेंटर’ ही संस्था काढली आणि गाण्यांच्या शब्दांविषयी अल्बमच्या वेष्टनावर इशारा छापावा अशी मागणी केली. त्याच वर्षी १९ सप्टेंबरला सिनेटच्या समितीपुढे सुनावणी झाली. फ्रँक झापा आणि डी स्नायडर या रॉक संगीतकारांबरोबर साक्षीला आलेल्यांत सौम्य प्रकृतीचे गायक जॉन डेन्व्हर हेही होते. डोंगरांतल्या आनंदावर लिहिलेले त्यांचे ‘रॉकी माउंटन हाय’ हे गाणे अमली पदार्थांविषयी आहे अशा समजुतीने काही रेडिओ केंद्रांनी वाजवायचे बंद केले होते, हे त्यांनी समितीला सांगितले. शब्दांवर पहारा बसवला की पहारेकऱ्याच्या डोक्यात जे असते ते गाण्यात सापडू लागते, याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही. (याच्याही आधी, साठच्या दशकात, किंग्समेन या बँडच्या ‘लुई लुई’ या गाण्यातले अश्लील शब्द शोधण्यासाठी एफबीआयने ती तबकडी वेगवेगळ्या वेगांनी वाजवून पाहिली आणि कोणत्याही वेगाने शब्द कळत नाहीत, असा निष्कर्ष काढला. सरकारी कामाचा हा नमुना जपून ठेवण्याजोगा आहे.)

सुनावणीनंतर ध्वनिमुद्रण उद्योगाने इशाऱ्याची चिठ्ठी स्वीकारली आणि १९९० साली तिला आज परिचित असलेले काळे-पांढरे रूप आले. चिठ्ठी म्हणजे बंदी नव्हे, असे तेव्हा सांगितले गेले, आणि कायद्याच्या भाषेत ते खरेही होते. व्यवहारात मात्र ‘वॉलमार्ट’सारख्या दुकानांच्या प्रचंड साखळीने चिठ्ठी असलेले अल्बम दुकानात ठेवायचे नाहीत असे धोरण घेतले, आणि मग तेथे विक्री हवी असेल तर ‘क्लीन’, म्हणजे आक्षेपार्ह शब्द काढलेली, आवृत्ती काढणे कंपन्यांना भाग पडले. २००९ साली ‘ग्रीन डे’ या बँडने आपल्या अल्बमची अशी आवृत्ती काढायला नकार दिला आणि तो अल्बम त्या दुकानांत विकला गेला नाही. एवढ्या नावाजलेल्या बँडला ते परवडले. नवख्या गायकाने काय करायचे? माहितीसाठी लावलेली चिठ्ठी कात्री कधी होते, याचे उत्तर कायद्याच्या पुस्तकांत शोधण्यापेक्षा दुकानाच्या फळीवर शोधावे.

आता त्या ‘क्लीन’ आवृत्तीकडे एक उत्पादन म्हणून पाहू. कळ बंद असताना सेवा मूळ गाण्याच्या जागी ती आपोआप लावत नाही, शोधून वाजवावी लागते, ही पहिली गैरसोय. दुसरी अडचण दर्जाची. सर्वांत चांगली पद्धत म्हणजे गायकाने ओळ पुन्हा गाणे. ‘रेडिओहेड’ या बँडच्या ‘क्रीप’ या गाण्याच्या रेडिओसाठीच्या आवृत्तीत शिवीच्या जागी ‘व्हेरी’ हा साधा शब्द गायला आहे, आणि मूळचा दंश गेला तरी ओळ उभी राहते. ज्याला मूळ ठाऊक नाही त्याला काही गमावल्याचे जाणवतही नाही. शब्द उलटा वाजवणे किंवा त्यावर एखादा आवाज चढवणे हे मधले मार्ग. सर्वांत वाईट, आणि दुर्दैवाने सर्वांत जास्त वापरात असलेला मार्ग म्हणजे तेवढ्यापुरता आवाज बंद करणे.

रॅपमध्ये याने काय होते ते नीट कान देऊन ऐकावे. शिवी बहुधा ओळीच्या शेवटी, यमकाच्या जागेवर असते, आणि आधीच्या दोन-तीन ओळींनी तिच्यासाठीच जागा तयार केलेली असते. नेमका तोच शब्द गायब होतो. खाली ढोल चालू राहतो, गायकाने पुढच्या ओळीसाठी घेतलेला श्वासही ऐकू येतो, पण यमक हवेत लटकते. एका कडव्यात असे चार-पाचदा झाले की गाणे खड्ड्यांतून जाणाऱ्या गाडीसारखे आदळत चालते. ज्या मुलासाठी हा खटाटोप केला त्याचे लक्ष एरवी त्या शब्दाकडे गेलेही नसते. आता मात्र येथे काय होते, हाच त्याचा पहिला प्रश्न असतो, आणि यमक हाताशी असल्यामुळे उत्तर शोधायलाही त्याला वेळ लागत नाही.

गेमकडे वळल्यावर माझा सूर बदलतो. घरातल्या शाळकरी मुलांबरोबर खेळता यावा म्हणून नाच-गाण्याचा एक लोकप्रिय गेम घेतला. पडद्यावर नर्तक नाचतो, खाली गाण्याच्या ओळी सरकतात, आणि खेळणाऱ्याने त्याच्याबरोबर हालचाली करायच्या. गेम म्हणून तो झकास आहे. पण गाणी ऐकू लागल्यावर लक्षात येते की कात्री केवळ शिव्यांना लागलेली नाही. मद्याचे नाव गेले आहे, झिंगल्याचा उल्लेख गेला आहे, शरीराच्या एखाद्या अवयवासाठीचा साधा बोलीतला शब्दही गेला आहे. गाण्यातून तो पुसलेला असतो आणि खालच्या ओळीतही त्याच्या जागी मोकळी जागा सोडलेली असते. मात्र त्याच क्षणी नर्तक कमरेला जे हेलकावे देत असतो त्यांना कोणाची हरकत नाही. सेटिंगचा प्रत्येक कोपरा धुंडाळला, पण मूळ शब्द परत आणणारी कळ कोठेही नाही. गाणी काटछाट केलेली आहेत, हे वेष्टनावर एका अक्षरानेही लिहिलेले नाही.

यामागचे कारण नीतीचे कमी आणि हिशेबाचे जास्त आहे. शब्द शाबूत ठेवले तर गेमचा वयोगट एक पायरी वर सरकू शकतो, आणि तसे झाले की ज्यांच्यासाठी तो बनवला त्यांच्याच घरात तो विकत घेतला जात नाही. पन्नास गाण्यांतल्या एका गाण्यातल्या एका शब्दासाठी कोणती कंपनी हा धोका पत्करेल? म्हणून संशयाचा फायदा नेहमी कात्रीलाच मिळतो. ‘रॉक बँड’सारख्या संगीताच्या गेममध्ये नंतर उतरवून घ्यायच्या गाण्यांचे वर्गीकरण ईएसआरबीने केलेले नाही, अशी सूचना असे, म्हणजे मुख्य गेम आणि वाढीव गाणी यांना वेगळे वागवण्याची वाट या क्षेत्राला ठाऊक आहे. त्या वाटेने जाऊन मूळ शब्दांची गाणी पालकांच्या कुलुपाआड ठेवता आली असती.

याच्या उलट टोकाचा प्रकार प्रौढांसाठीच्या एका गेममध्ये दिसला. रस्त्यावर गोळीबार चालू आहे, पात्रे तोंडाला येईल ते बोलत आहेत, वेष्टनावर सर्वांत कडक इशाऱ्यांपैकी एक आहे, आणि गाडीतल्या रेडिओवर लागलेल्या गाण्यातली एक शिवी तेवढी गाळलेली! गेम बनवणाऱ्याने रेडिओवर वाजणारी आवृत्तीच घेतली असावी, असे मानायला जागा आहे. येथे कोणाचे रक्षण झाले, ते मला सांगता येणार नाही.

गेममधल्या शब्दांचा वाद नेहमी शिव्यांचाच असतो असेही नाही. ऑक्टोबर २००८ मध्ये ‘लिटलबिगप्लॅनेट’ हा गेम बाजारात येण्याच्या तोंडावर सोनीने तो मागे घेतला, कारण त्यातल्या मालीचे संगीतकार तुमानी दियाबाते यांच्या एका गाण्यात कुराणातली दोन वचने होती. संगीतकार स्वतः मुसलमान होते. तरी वचने संगीतात मिसळणे काहींना दुखावेल म्हणून गेम दुरुस्त करून मग विक्रीस आला. हा निर्णय मला घाईचा वाटतो. पण कंपनीने कारण जाहीर केले, विलंब झाल्याचे सांगितले आणि दिलगिरी व्यक्त केली, ही जमेची बाजू. गाणे का बदलले हे खेळणाऱ्याला कळले, म्हणून त्याविषयी मत बनवता आले.

कलावंताने आपले शब्द आपणहून बदलले तर मी त्याला सेन्सॉर म्हणणार नाही. २०२२ साली लिझो आणि त्यानंतर बियॉन्से या अमेरिकी गायिकांनी आपापल्या नव्या गाण्यातला एक शब्द अपंग व्यक्तींना हिणवणारा आहे अशी टीका झाल्यावर काही दिवसांतच बदलला. टीका रास्त होती आणि बदलाने गाण्याचे काही बिघडले नाही. तरी स्ट्रीमिंगच्या काळात अशा बदलाबरोबर जुनी आवृत्ती श्रोत्याच्या यादीतूनही जाते, आणि तेथे तसे लिहिलेले नसते. एका ओळीची टीप पुरेशी झाली असती.

लहान मुलाच्या कानावर काय पडावे हे ठरवण्याचा आईवडिलांचा हक्क मला पूर्ण मान्य आहे. म्हणूनच स्ट्रीमिंगमधली कळ मला उपयुक्त वाटते आणि आमच्या घरी मुलांच्या खात्यांवर ती बंदच असते. तिला पाचपैकी चार गुण, आणि कापलेला गुण त्या मुक्या चौकोनाबद्दल. नाच-गाण्याच्या गेमला नाचासाठी पाच आणि गाण्यांसाठी दोन. तो घ्यायचा असेल तर आधी त्यातल्या आपल्या आवडत्या एक-दोन गाण्यांची चित्रफीत शोधून ऐकून घ्यावी, कारण गाणी कापलेली असतील तर विकत घेतल्यावर त्यावर इलाज नाही. आम्ही सध्या गेमचा आवाज बंद करून मूळ गाणे वेगळे लावण्याचा प्रयोग करतो. सुरुवात एकाच क्षणी साधली नाही की नर्तक एका तालावर आणि आम्ही दुसऱ्या, आणि गुण अर्थातच कमी पडतात.