सशाची मान कलते तेव्हा: पुण्यातील एका पशुवैद्यकीय दवाखान्याचा अनुभव

जुलै महिन्यातील एका पहाटे पिंजऱ्यातून धडपडण्याचा आवाज आला म्हणून आम्ही दिवा लावला, तेव्हा आमची पाच वर्षांची बुंदी एका कुशीवर पडून गडबडा लोळत होती. तिला सावरून उभे केले की ती पुन्हा डाव्याच बाजूला कोसळे. मान इतकी पिळवटली होती की डावा कान जमिनीला टेकला होता, आणि डोळ्यांची बुबुळे लंबकासारखी एका लयीत आडवी हलत होती. आदल्या रात्री याच बुंदीने कोथिंबिरीची अर्धी जुडी संपवली होती, त्यामुळे तिला अर्धांगाचा झटका आला असावा असेच आम्हांला वाटले. घराजवळच्या ज्या दवाखान्यात आम्ही प्रथम धावलो, तेथे पाच मिनिटेही तपासणी न करता ‘सशाला हे झाले की तो जगत नाही, कायमचे झोपवलेले बरे’ असा सल्ला मिळाला. ते आमच्या मनाला पटले नाही. दुपारी परिचितांच्या सांगण्यावरून आम्ही ज्या दुसऱ्या दवाखान्यात पोहोचलो, त्याविषयी मी हे सविस्तर लिहीत आहे, कारण सशाची मान वाकडी झाली की बहुतेकांना हाच पहिला सल्ला मिळतो आणि पुष्कळदा तो घाईचा असतो.

या दवाखान्यात ससे, गिनीपिग, कासवे आणि पक्षी यांच्यासाठी वेगळी वेळ राखलेली आहे. डॉक्टरबाईंनी बुंदीला टेबलावर मोकळे ठेवले नाही. टॉवेलाच्या दोन वळकट्या तिच्या दोन्ही कुशींना लावल्या आणि तिला आधार मिळून ती स्थिर झाल्यावरच तपासणीस हात घातला. बुबुळे आडवी हलतात की उभी, हे त्यांनी बराच वेळ न्याहाळले, कारण ती उभी हलत असतील तर संशय थेट मेंदूकडे जातो. मग दोन्ही कानांत दुर्बिणीने पाहिले, ताप मोजला, वजन केले. ते १.६ किलो भरले. शेवटी कवटीचा एक्स-रे काढला, कारण कानाच्या पडद्यामागे असलेल्या हाडाच्या पोकळीत पू साठला असेल तर तो बाहेरून दिसत नाही.

त्यांनी जे समजावून सांगितले, ते इतक्या स्पष्टपणे आम्हांला कोणीच सांगितले नव्हते. सशाची मान कलण्याची प्रमुख कारणे दोन आहेत. एक म्हणजे मध्यकर्ण किंवा अंतर्कर्णातील जिवाणूसंसर्ग, ज्यात पाश्चुरेला हा जिवाणू बऱ्याचदा आढळतो. दुसरे म्हणजे एन्सेफॅलिटोझून क्युनिक्युली नावाचा सूक्ष्म परोपजीवी, जो सशाच्या मेंदूत आणि मूत्रपिंडात घर करतो. रक्ततपासणीत या परोपजीवीविरुद्धची प्रतिपिंडे आढळली तरी त्यावरून ‘संसर्ग कधीतरी झाला होता’ एवढेच सिद्ध होते, कारण पुष्कळ धडधाकट सशांच्या रक्तातही ती सापडतात. जिवंत सशात खात्रीचे निदान कठीण असते, हे डॉक्टरबाईंनी न लपवता सांगितले. एक्स-रेमध्ये हाडाची पोकळी स्वच्छ दिसत असली तरी आरंभीचा संसर्ग त्यात निसटू शकतो, म्हणून दोन्ही शक्यता धरून उपचार सुरू करू, असे त्या म्हणाल्या. उपचाराच्या अनिश्चिततेची इतकी प्रामाणिक कबुली ऐकून आमचा त्यांच्यावरचा विश्वास उलट वाढला.

परोपजीवीसाठी फेनबेंडाझोल हे जंतांचे औषध किलोमागे २० मिलिग्रॅम या प्रमाणात दिवसातून एकदा, सलग २८ दिवस द्यायचे होते. हे औषध बाजारात वेगवेगळ्या तीव्रतेच्या द्रवरूपात मिळते, आणि तेथेच चूक होण्याचा धोका असतो. आमच्या बाटलीत १ मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम औषध होते, म्हणजे बुंदीची ३२ मिलिग्रॅमची मात्रा केवळ ०.३२ मिलिलिटर झाली. सहायिकेने १ मिलिलिटरच्या सीरिंजवर त्या जागी मार्करने रेघ मारून दिली, आणि त्या एका रेघेमुळे महिनाभर आमच्या घरात कोणाचाही हात चुकला नाही. या औषधाने क्वचित अस्थिमज्जेवर दुष्परिणाम होऊन रक्तपेशी घटतात, म्हणून औषध सुरू करण्यापूर्वी आणि मध्यावर रक्तपेशींची मोजणी करून घेण्यात आली. याशिवाय एन्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक, सूज उतरण्यासाठी मेलॉक्सिकॅम आणि चक्कर कमी होण्यासाठी मेक्लिझिन दिले. घरात असलेले अमॉक्सिसिलिन सशाला तोंडावाटे कधीही देऊ नका, त्याने आतड्यांतील उपयुक्त जिवाणू मरून ससा दगावू शकतो, ही ताकीदही त्यांनी चिठ्ठीवर लाल शाईने लिहून दिली. स्टेरॉइड का देत नाही, हे मी विचारल्यावर संसर्गाच्या शक्यतेत ते रोगप्रतिकारशक्ती आणखी दडपते, असे उत्तर मिळाले.

या दवाखान्याचे खरे मोल मात्र औषधांत नाही. सहायिकेने आम्हां उभयतांना पाऊण तास बसवून घरची शुश्रूषा हातात हात धरून शिकवली, आणि बुंदी वाचली ती त्या पाऊण तासामुळे, असे मी आजही मानते. पिंजरा काढून टाकून त्याऐवजी पुठ्ठ्याचा छोटा खोका घ्यायचा, तळाशी जुनी गोधडी आणि कडेने चादरींच्या वळकट्या लावायच्या, म्हणजे लोळण्याला जागाच उरत नाही. गुळगुळीत फरशीवर ठेवायचे नाही. उचलताना एका हाताने छाती आणि दुसऱ्याने मागचा भाग धरून तिला आपल्या पोटाशी घट्ट घ्यायचे, कारण हवेत अधांतरी झाली की तिला भोवंडून येते आणि ती घाबरून जोराने लाथा झाडते. खोलीत रात्री मंद दिवा ठेवायचा. जमिनीकडे असलेला डोळा गादीवर घासतो, म्हणून त्यात कृत्रिम अश्रूंचे थेंब घालायचे. तिसऱ्या दिवशीच्या भेटीत त्या डोळ्यात रंगद्रव्य घालून पाहिले, तेव्हा बुबुळावर हिरवी चमकणारी एक बारीक ओरखड्याची रेघ दिसली. ती वेळीच सापडल्याने डोळा वाचला.

सर्वांत कष्टाचे काम होते भरवण्याचे. सशाला उलटी होत नाही, पण चक्कर आली की तो खाणे सोडतो, आणि त्याच्या आतड्यांची हालचाल चारा पोटात जात राहिली तरच चालू राहते. म्हणून टिमोथी गवतापासून बनवलेली ऑक्सबो कंपनीची क्रिटिकल केअर ही भुकटी एक चमचा, त्यात कोमट पाणी दोन चमचे, असे कालवून दिवसाला सुमारे ८० मिलिलिटर इतकी सहा वेळा विभागून भरवायची होती. कोमट पाणी पडताच भुकटीला वाळलेल्या गवताचा वास सुटे, आणि तो वास आला की बुंदीचे नाक खोक्याच्या कोपऱ्यातून हलू लागे. सीरिंज समोरच्या दातांमधून नव्हे, तर बाजूच्या दाढांआधीच्या मोकळ्या फटीतून आत सरकवायची, एका वेळी अर्धा-एक मिलिलिटर द्यायचे आणि जबडा हलला, गिळले, हे पाहिल्याखेरीज पुढचा घास द्यायचा नाही. अन्यथा अन्न श्वासनलिकेत जाते. पहिल्या दिवशी एका फेरीला मला चाळीस मिनिटे लागली आणि निम्मे कालवण तिच्या मिशांवर व माझ्या साडीवर गेले. आठवड्याभरात तेच काम पंधरा मिनिटांत होऊ लागले. सासूबाईंनी रोज सकाळी लेंड्या मोजून वहीत लिहिण्याचे काम स्वतःकडे घेतले होते, आणि नवव्या दिवशी त्यांनी आकड्यापुढे स्वतःच एक फूल काढले, कारण त्या दिवशी लेंड्या पूर्वीइतक्या मोठ्या आणि टणक आल्या होत्या.

आमचा दुसरा ससा लाडू याची तपासणीही त्यांनी आपणहून सुचवली. त्याच्या रक्तात प्रतिपिंडे होती, लक्षणे नव्हती. परोपजीवीचे बीजाणू लघवीतून पसरतात, म्हणून लघवीची जागा रोज पातळ केलेल्या ब्लीचने पुसून पाण्याने धुण्यास सांगितले. घरात कर्करोगाचे उपचार चालू असलेले किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेले कोणी आहे का, हेही त्यांनी आवर्जून विचारले. दोघांना जाळीच्या दोन बाजूंना ठेवण्याचा सल्ला फार उपयोगी पडला, कारण लाडू तासन्‌तास जाळीला टेकून बसे आणि तो तेथे असला की बुंदी अधिक शांत राहत असे.

आता तक्रारी. बाहेरची बसण्याची जागा कुत्र्यांसह सामाईक आहे. आमच्या शेजारी एक मोठा कुत्रा भुंकत असताना बुंदी पेटीत पुन्हा लोळू लागली, आणि त्यानंतर आम्ही प्रत्येक वेळी बाहेर रिक्षातच थांबलो. खर्चाचा अंदाज आधी सांगितला जात नाही. आमचा महिन्याभराचा एकूण खर्च १४ हजारांच्या घरात गेला. एवढी रक्कम काढण्याची आमची तयारी होती, परंतु आकडा पहिल्याच दिवशी कळला असता तर मनाची घालमेल कमी झाली असती. सर्वांत गंभीर उणीव रात्रीच्या सेवेची आहे. सहाव्या दिवशी बुंदीने संध्याकाळपासून काहीही गिळले नाही आणि रात्री अकरा वाजता केलेल्या फोनला उत्तर मिळाले नाही. सशाने दहा-बारा तास काही खाल्ले नाही तर तो तातडीचा प्रसंग ठरतो, हे याच दवाखान्याने आम्हांला शिकवले होते. ती रात्र आम्ही दर तासाला दोन-दोन मिलिलिटर भरवत आणि पोटावरून हलका हात फिरवत काढली. मोबाइलवर निरोप ठेवण्याची साधी सोय झाली, तरी ही उणीव बऱ्याच अंशी भरून निघेल, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

लोळणे दहाव्या दिवशी थांबले, बुबुळे त्याआधीच स्थिरावली होती, आणि तीन आठवड्यांनी बुंदी वळकट्यांना टेकून स्वतः दूर्वा खाऊ लागली. मान पूर्ण सरळ झालेली नाही. अखेरच्या भेटीत डॉक्टरबाईंनी तिला खोलीच्या दुसऱ्या टोकाला सतरंजीवर सोडले, समोर पाण्याची वाटी ठेवली आणि आम्हांला मदत करू नका म्हणून सांगितले. डावीकडे झुकत, मधे दोनदा थांबत, एक मोठा अर्धवर्तुळाकार वळसा घेऊन ती वाटीपाशी गेली आणि कलत्या मानेनेच पाणी पिऊ लागली.